दुसऱ्या परिच्छेदातला हाउएव्हर

नोरीन कार्टलिज कुठलंही सरकारी पत्र पहिल्या ओळीपासून वाचत नसे. कागद टेबलावर सपाट करायचा, पिवळ्या पेनाचं टोपण दातांनी काढायचं, कारण बोटांनी ते निघत नसे, आणि नजर थेट दुसऱ्या परिच्छेदावर न्यायची. तिथे 'हाउएव्हर' सापडला की त्याच्यावर पिवळा पट्टा ओढायचा.

"हा बघ, इथे बसलाय," ती समोरच्याला सांगायची. "याच्या वरचं सगळं विसर, डक. वर नुसतं या, बसा आहे. तुला काय सांगायचंय ते याच्या खाली."

इंग्लंडमधल्या आमच्या स्टोकमध्ये, चिनी मातीच्या भांड्यांच्या या गावात, सगळे सगळ्यांना 'डक' म्हणतात. बायकोला, पोस्टमनला, पहिल्यांदाच भेटलेल्या डॉक्टरला. सव्वीस वर्षांत माझ्याही तोंडी ते बसलं आहे. मी इथल्या लायब्ररीत नोकरी करते. दर मंगळवारी लायब्ररीच्या मागच्या खोलीत नोरीन टेबल मांडून बसे, आणि ज्यांचा अपंगत्वाचा भत्ता बंद झाला किंवा होणार होता, ती माणसं पाकिटं घेऊन तिच्यासमोर रांग लावत. तिला कोणी नेमलं नव्हतं. पगार नव्हता. मी तिचं लिहिण्याचं काम करायची, कारण पेन धरून दोन ओळींच्या पुढे तिला लिहिता येत नसे.

त्या शब्दाबद्दल तिची ठाम मतं होती. 'बट' हा माणसांचा शब्द. तो तोंडावर म्हणतात, भांडणात म्हणतात, आणि समोरच्याला त्यावर उलटून बोलता येतं. 'हाउएव्हर' कोणी बोलत नाही. खरंच, मी तो इथल्या खाटकाच्या दुकानात किंवा बसथांब्यावर एकदाही ऐकलेला नाही. तो छापील नावाच्या कागदावरच येतो, वाक्याच्या सुरुवातीला, मागे स्वल्पविराम घेऊन. "त्या स्वल्पविरामात ते श्वास घेतात," नोरीन म्हणायची, "आणि मग हाणतात."

हे ती अनुभवाने शिकली होती. कपबशांच्या कारखान्यात ती एकोणतीस वर्षं सोनेरी रेघ ओढायची. चाकावर कप फिरतो आणि कुंचला जागचा हलत नाही, ते काम. एका शुक्रवारी सगळ्यांना पाकिटं मिळाली. तिने जेवणाच्या सुट्टीत पहिला परिच्छेद वाचला. तुमच्या निष्ठेचा कंपनीला अभिमान वाटतो, तुमच्यासारख्या कारागिरांमुळेच आमचं नाव जगभर गेलं, असं बरंच काही होतं. घंटा झाली म्हणून तिने पत्र एप्रनच्या खिशात घातलं आणि संध्याकाळी खुशीत नवऱ्याच्या हातात दिलं. "वाच मोठ्याने," म्हणाली. लेनने वाचलं. दुसऱ्या परिच्छेदाशी येऊन तो थांबला. "नोर," तो म्हणाला, "बस जरा."

बोटं तोपर्यंत वाकडी व्हायला लागलीच होती. पुढे सांधे गाठींनी भरले.

मंगळवारी येणाऱ्यांना नोरीन तीन गोष्टी सांगे. सरकारने नेमलेल्या कंपनीचा माणूस घरी तपासायला येणार असेल तर घर आवरायचं नाही. त्याला चहा विचारायचा नाही. आणि 'कसे आहात' म्हटल्यावर 'बरा आहे' म्हणायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण इथल्या माणसांचं हे असं आहे की पाय कापून नेला तरी 'तसं काही विशेष नाही' म्हणतील.

क्लिफ ब्लूर नावाचा खाणीतला जुना कामगार एकदा पत्र घेऊन आला. जिना चढताना त्याच्या छातीतून शिट्टी वाजायची.

"तपासायला आलेल्या बाईने विचारलं काय तुला?" नोरीनने दरडावलं.

"दुकानापर्यंत चालता येतं का."

"मग?"

"मी म्हटलं, चालतोय आपला."

"चालतोस तू? शेवटचा कधी गेलास?"

"ईस्टरला." क्लिफने टोपी फिरवली. "पण तरुण पोरगी होती गं. तिच्यासमोर काय रडगाणं लावायचं?"

"रडगाणं नाही, गाढवा, हिशोब आहे तो! तू मर्दासारखा बसलास, आणि हे बघ." पिवळा पट्टा. "हा बघ. आणि हा. तीन आहेत तुझ्या पत्रात. तुझ्या एकेका मर्दपणाला एकेक."

क्लिफ हसला, खोकला, आणि मग आम्ही त्याचं अपील लिहिलं. त्यात सगळं आलं. संडासला जाताना वाटेत दोनदा बसावं लागतं, हेसुद्धा. सही करताना त्याने भिंतीकडे पाहिलं.

आता लेनबद्दल. लेन भट्टीत माल रचायचा. कपांनी भरलेली फळी खांद्यावर घेऊन शिडी चढायचा आणि त्याच्याकडून कधी एक कप फुटला नाही. चार वर्षांपूर्वी त्याचं डोकं विझायला लागलं. आधी नावं गेली, मग रस्ते, मग एक दिवस गॅस सुरू ठेवून तो बागेत जाऊन बसला. शेवटी त्याला चीडल गावाच्या पलीकडे, माळावरच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. तिथे त्याची एक खोड सगळ्यांना नकोशी झाली. आमच्या गावात कोणीही ताट हातात आलं की उलटं करून खालचा शिक्का बघतो. कोणत्या कारखान्याचा माल, ते बघायला. लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाढप व्हायच्या आत अख्खं टेबल बश्या उलट्या करून बसलेलं असतं. लेनचं बाकी सगळं गेलं, हे राहिलं. फक्त ताटात जेवण आहे की नाही, ते त्याला कळेनासं झालं. दर जेवणाला रस्सा मांडीवर. तिथल्या कामाच्या पोरी कंटाळल्या. तो उपाशी राहायला लागला.

युक्ती फक्त नोरीनला माहीत होती. ती घरून एक रिकामी बशी न्यायची. आधी ती त्याच्या हातात द्यायची. तो उलटी करायचा, शिक्का वाचायचा, मान डोलवून म्हणायचा, "आपलाच माल." मग ती हळूच दुसऱ्या हातात ओटकेक ठेवायची, म्हणजे ओटच्या पिठाचं धिरडं, आत चीज घालून गुंडाळलेलं. शिक्का बघून झालेला माणूस निवांत जेवायचा. असं रोज दुपारी बाराला. त्यासाठी गाडी होती. भत्त्याबरोबर मिळालेली, गिअर नसलेली, स्टिअरिंगवर मूठ बसवलेली, म्हणजे तळव्याने फिरवता येईल अशी. बसने जायचं तर दोन ठिकाणी बदलावी लागे, आणि बाराच्या आत पोहोचणारी बसच नव्हती.

भत्त्यावर गाडी, आणि गाडीवर लेनचं जेवण. म्हणून सप्टेंबरात नोरीनचीच फेरतपासणी आली तेव्हा मी सोबतीला बसायचं ठरवलं. तशी परवानगी असते. सोबतच्याला मध्ये बोलताही येतं.

त्या दिवशी साडेनऊला गेले तर खिडक्या धुतलेल्या, दाराची पितळी कडी लखलखीत, नोरीनचे केस सेट केलेले. निळ्या ब्लाउजची सगळी बटणं लागलेली. टेबलावर सोनेरी काठाचा चहाचा सेट.

"हे काय?" मी म्हटलं.

"काय?"

"कप काढलेस तू."

"मग काय, मगमधून देऊ त्या बाईला?"

"नोरीन, तूच लोकांना सांगतेस ना..."

"लोकांना सांगते," ती म्हणाली. "ही माझ्या घरी येतेय."

"किती वाजता उठलीस?"

"पाचला." मग माझी नजर बटणांवर गेलेली पाहून म्हणाली, "चाळीस मिनिटं. आता गप्प बस, ते मी तिला सांगणारच आहे."

आणि तिने सांगितलं, ते खोटं नाही. तपासायला आलेली मुलगी तिशीची होती, कर्स्टी टॅम्स नावाची, मांडीवर लॅपटॉप. "कशा आहात तुम्ही आज?" तिने विचारलं. "अगदी छान, तुम्ही?" नोरीन म्हणाली. मी खोकले. नोरीन सावरून बसली. मग दहा मिनिटं ती व्यवस्थित बोलली. बटणं, बरण्यांची झाकणं, किल्ली, आंघोळ. शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दल सांगावं तशा आवाजात, खिडकीकडे बघत. कर्स्टी टाइप करत होती. मला वाटलं, निभावलं.

मग नोरीनने चहा ओतला. तिन्ही कप. भरलेली चहादाणी, तीही चिनी मातीची. तिच्या मानेवरची शीर ताठ झालेली मला दिसली. कर्स्टी चहा प्यायली आणि, काही मनात नसताना, बशी उलटी करून बघितली.

"अरे! हा तर आमच्या आजीचा कारखाना."

"काय नाव तुमच्या आजीचं?"

"एडना. एडना टॅम्स."

"एडना!" नोरीन जवळजवळ उठलीच. "अगं, अकरा वर्षं माझ्या शेजारच्या चाकावर बसायची ती! कपाच्या तळाशी तिची खूण म्हणजे लहानसा आकडा, माशाच्या गळासारखा. बघ, शिक्क्याच्या बाजूला दोन ठिपके दिसतायत? ते माझे. तू एडनाची नात? आधी नाही का सांगायचंस!"

'तुम्ही' तिथे संपलं. त्यानंतर दोघी जणू स्वयंपाकघरात बसल्या होत्या. एडना कामावर नाटकातली गाणी कशी म्हणायची, मुकादमाने तिला कसं एकदा भांडारात कोंडलं होतं. कर्स्टी पोट धरून हसली. म्हणाली, "आजीचे कप आहेत आमच्याकडे, पण ती रेघ इतकी सरळ यायची कशी, ते कधी कळलंच नाही मला."

"थांब, दाखवते."

मी म्हटलं, "नोरीन."

तिने माझ्याकडे एक नजर टाकली. घरात पाहुणे असताना नवऱ्याने काही वेडंवाकडं बोलू नये म्हणून बायका टाकतात, तशी. सोबतच्याला बोलायचा हक्क असतो, हे मला पाठ होतं. मी म्हटलं ते एवढंच, की कप खरंच सुंदर आहेत.

नोरीनने डाव्या हाताच्या वाकड्या बोटांवर कप तोलला, उजव्या हातात कर्स्टीची पेन्सिल घेतली, श्वास रोखला आणि कप फिरवला. पेन्सिल जागची हलली नाही. कप पूर्ण फिरून आला, सोन्याच्या रेघेखाली शिशाची रेघ उमटली आणि सुरुवातीला येऊन बरोबर मिळाली.

"बाप रे," कर्स्टी म्हणाली. मग हळू आवाजात, "आजीच्या बोटांनाही शेवटी असंच झालं होतं."

म्हणजे तिला ठाऊक होतं.

दारात दोघींनी एकमेकींना मिठी मारली. दार लागलं तशी नोरीन भिंतीला टेकली आणि दोन्ही हात काखेत दाबून धरले.

"चांगली पोरगी आहे," ती म्हणाली.

"तू चहादाणी उचललीस."

"उचलली. मग काय म्हणू तिला, स्वतः ओतून घे?"

संध्याकाळपर्यंत उजवा हात मनगटापासून सुजला. दोन दिवस तिला गाडी चालवता आली नाही, आणि दोन दिवस लेनच्या मांडीवर रस्सा सांडला.

पत्र नोव्हेंबरात आलं. मंगळवारी सगळे गेल्यावर नोरीनने ते पर्समधून काढलं, सपाट केलं, दातांनी टोपण काढलं. पहिल्या परिच्छेदात वेळ दिल्याबद्दल आणि आदरातिथ्याबद्दल आभार होते. मग:

'श्रीमती कार्टलिज यांनी बोटांत पकड नसल्याचे सांगितले. हाउएव्हर, त्यांनी भरलेली चहादाणी उचलून तीन कप चहा ओतला. बटणे लावण्यास अडचण येते असे त्या म्हणाल्या. हाउएव्हर, त्यांचा पोशाख व्यवस्थित होता व केस नीट बसवलेले होते.' नाजूक हालचालींबद्दल वेगळी ओळ होती. त्यात कप, पेन्सिल, पूर्ण वर्तुळ, सगळं. तीही त्याच शब्दाने सुरू, आणि भत्ता बंद करणारी शेवटचीही.

नोरीनने पट्टे मोजले. "चार. क्लिफपेक्षा एक जास्त."

"कसली नात ही एडनाची!" मी म्हटलं.

"का? खोटं काय लिहिलंय तिने?"

"तिला माहीत होतं, नोरीन. ती स्वतः म्हणाली."

"ते ती माझ्या घरात म्हणाली. हे तिने कामावर लिहिलंय." तिने टोपण टेबलाच्या कडेवर आपटून बसवलं. "मी तरी काय केलं? मीही तेच. लायब्ररीत एक, घरात दुसरं."

हरकत घ्यायला एक महिना असतो. मी त्याच रात्री अपील लिहून काढलं. इतकी वर्षं तिच्याकडूनच शिकले होते. पहिल्या परिच्छेदात मान्य करायचं की तपासनीस सौजन्याने वागली. दुसऱ्यात आपला शब्द घालायचा. हाउएव्हर, त्या एका कपाची किंमत दोन दिवसांचा सुजलेला हात होता. हाउएव्हर, ती बटणं लावायला चाळीस मिनिटं लागली. आणि पुढे सगळं, क्लिफचं लिहिलं तसं.

नोरीनने चष्मा लावून ते वाचलं. पहिल्यांदाच मी तिला काहीतरी पहिल्या ओळीपासून वाचताना पाहिलं.

"'अंतर्वस्त्रे घालण्यासाठी शेजारणीची मदत लागते,'" तिने मोठ्याने वाचलं. "हे कोण वाचणार?"

"तिघांचं मंडळ असतं."

"इथलेच लोक?"

"असतील."

"'स्नानगृहात स्वच्छतेसाठी...'" ती थांबली. "ही कोण बाई आहे, डक?"

"तू आहेस. क्लिफचंही असंच लिहिलं होतं आपण. तू त्याला गाढव म्हणालीस."

"क्लिफने त्या पोरीला खोटं सांगितलं होतं. मी काय खोटं केलं? मी रेघ ओढली. नीट आली. आता लिहून देऊ, की नाही आली?"

"आली, पण..."

"ती माझी शेवटची होती," नोरीन म्हणाली. "ती मी खोडून देणार नाही."

"आणि लेन?"

कागद घडी करून तिने फडताळावरच्या घड्याळामागे ठेवला. "उद्या करते सही." पुढच्या मंगळवारी विचारलं तेव्हाही उद्या. त्या महिन्यात तिने दुसऱ्या पाच जणांच्या सह्या घेतल्या. क्लिफचा निकाल लागला, तो जिंकला, आणि तिच्यासाठी चॉकलेटचा डबा घेऊन आला. डब्याचं प्लॅस्टिक मी फोडून दिलं. महिना संपला तेव्हा कागद घड्याळामागेच होता.

गाडी न्यायला आलेला माणूसही भला होता. "काय छान ठेवली आहेस गाडी, डक," म्हणाला. तिने त्याला चहा दिला. मगमधून.

मग बस. मी शनिवारी नेत असे. रोज दुपारी मला नोकरी होती, आणि तिने मला एकदाही विचारलं नाही. मंगळवार सोडून ती एक दिवसाआड जायची, दोन बस बदलून, पिशवीत बशी आणि गार झालेला ओटकेक. पोहोचायला दीड वाजायचा. जेवणं आटोपलेली असायची. ती बशी द्यायची, तो शिक्का बघायचा, "आपलाच माल" म्हणायचा आणि खायचा. दुसऱ्या दिवशी मात्र बारा वाजता समोर ताट आलं की तो दाराकडे बघत बसायचा आणि कोणाला ताटाला हात लावू द्यायचा नाही.

फेब्रुवारीत वृद्धाश्रमाचं पत्र आलं. नोरीन ते घेऊन लायब्ररीत आली. पिवळं पेन काढलं नाही. वरून वाचायला लागली, हळूहळू, एकेक शब्द. "'लेन हा आमच्या कुटुंबातला सर्वांचा लाडका सदस्य आहे. त्याचं हसणं आणि त्याचा खट्याळ स्वभाव यांमुळे आमचा दिवस उजळून निघतो.'" ती थांबली. "खट्याळ होता तो, ते खरं आहे." मग पत्राची घडी घातली आणि माझ्या हातात दिलं. "पुढचं तू वाच. मला नको सांगूस, फक्त काय करायचं ते सांग."

मी वाचलं. बाहेरून आणलेल्या खाण्यामुळे त्याची जेवणाची घडी विस्कटते. वजन घटलं आहे. कुटुंबीयांनी यापुढे भेटीला अडीचनंतर यावं आणि सोबत खाद्यपदार्थ व भांडी आणू नयेत.

"अडीचनंतर," मी म्हटलं. "आणि बशी नको."

"बरं."

त्या शनिवारी आम्ही पावणेतीनला पोहोचलो. लेन खिडकीपाशी टेबलाला बसला होता. समोर प्लॅस्टिकचं निळं ताट, त्यात केक. ताटाच्या खाली रबरी चकती होती, टेबलाला घट्ट चिकटणारी. लेनने दोन्ही हातांनी ताटाची कड धरली होती. तो ताट उलटं करायला बघत होता. नखं पांढरी पडली होती. केकला त्याने हात लावला नव्हता.

नोरीन त्याच्या शेजारी बसली. तिनेही कड धरून पाहिली. तिच्या बोटांनी ती चकती निघणं शक्यच नव्हतं.

एप्रन घातलेली एक मुलगी हसत आली. "बघितलंत ना, डक? आता एक थेंब सांडत नाही. छान सोय झाली की नाही?"

लेन ताट ओढत होता.

"अगदी छान," नोरीन म्हणाली.